कोपर उघडलं पाहिजे

९ जून २०२५, सोमवार

मुंब्र्याजवळच्या वळणावर आज सकाळी गर्दीच्या लोकलच्या दारातून माणसं पडली. संध्याकाळपर्यंत चार जण गेल्याचं कळलं. मी वॉर्डात होते, फोन कपाटात. दुपारी पाहिला तर आईचे अकरा मिस्ड कॉल. परतीच्या गाडीत लेडीज डब्यातला नेहमीचा गलका नव्हता. ठाणे सुटल्यावर दारातली एक मुलगी आपणहून आत सरकली आणि चौघींनी अंग चोरून तिला जागा करून दिली.

जेवण गेलं नाही. पहिल्या वर्षी पाठ केलेलं सगळं डोक्यात फिरत राहिलं. उभं राहायला पायांखाली जागा लागते. शरीराचा गुरुत्वमध्य बेंबीच्या जरा खाली असतो आणि त्यातून सोडलेली रेघ दोन पावलांनी अडवलेल्या जागेच्या आत पडावी लागते. धक्का लहान असला तर घोटे सावरतात, मोठा असला तर कंबर सावरते. त्याहून मोठा असला तर एक पाऊल टाकावं लागतं, दुसरा उपाय नाही. डोंबिवलीहून सीएसएमटी अठ्ठेचाळीस किलोमीटर. एवढ्या वाटेत दारातल्या माणसाला ते एक पाऊल टाकायला जागा नसते.

परीक्षेत या उत्तराला मला पैकीच्या पैकी गुण होते.

११ जून, बुधवार

आजपासून न्यूरो ओपीडी. फिजिओच्या इंटर्नशिपचे शेवटचे दोन महिने.

पहिल्याच पेशंट डोंबिवलीच्या निघाल्या. पन्नाशीच्या बाई. पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटायच्या, पोळीमागे पैसे. मार्चमध्ये झटका आला, उजवी बाजू गेली. आता चालतात, बोलणं स्वच्छ आहे, उजवा हात मात्र पोटाशी दुमडलेला. मी विचारलं, "मावशी, कोणतं काम जमायला हवंय?" त्या म्हणाल्या, "पोळी." पुढे एक शब्द नाही.

व्यायामाची लाकडी काठी टेबलावर आडवी ठेवली, दोन्ही हात तिच्यावर ठेवायला सांगितले आणि म्हटलं, लाटा. काठी पुढे गेली, मागे आली. दहा वेळा. मला इतका आनंद झाला की लगेच कागदावर लिहिलं: कोपर सरळ होतंय, प्रगती चांगली.

ओपीडीच्या मॅडम मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "काठीकडे बघू नकोस. कोपराकडे बघ." पुन्हा पाहिलं. कोपर जिथल्या तिथे होतं, नव्वद अंशांत. पुढे जात होती ती कंबर. मावशी आख्खं धड पुढे झुकवून काठी ढकलत होत्या आणि उजवा खांदा कानाकडे चढत होता. हात जे करत नव्हता ते पाठ करत होती. काम होत होतं, म्हणून मी फसले.

मॅडमनी माझी ओढणी मागितली. मावशींच्या छातीवरून घेऊन खुर्चीच्या पाठीला बांधली, घट्ट नाही, फक्त धड पुढे जाणार नाही इतकी. "आता लाटा." काठी हलेना. मावशींच्या कपाळावर घाम आला. मग दोन बोटं पुढे गेली असेल, नसेल. पण ती दोन बोटं कोपरातून आली होती.

कागदावरचं खोडून पुन्हा लिहिलं.

१२ जून, गुरुवार

सकाळी आई पोळ्या करत असताना मोबाईलवर शूटिंग केलं, गाडीत स्लो मोशनमध्ये पाहिलं. चौथी सीट मिळाली होती. चौथी सीट म्हणजे बसायच्या दोन हाडांपैकी एकच बाकावर, दुसऱ्याचा भार पॅसेजमधल्या पायावर. ठाण्यापर्यंत मांडी थरथरायला लागते.

आईची पोळी पोळपाटावर आपोआप फिरते असं मला लहानपणापासून वाटायचं. आपोआप नाही. लाटणं सरळ पुढे जातच नाही. एका बाजूचा हात किंचित जास्त दाबतो आणि लाटणं बारीकशा कमानीत जातं, त्या ओढीने पोळी फिरते. बोटं लाटण्याला पकडत नाहीत, नुसती उघडी ठेवलेली असतात. दाब येतो तळव्याच्या टाचेतून आणि तो नेमका कधी सोडायचा ते आईला ठाऊक आहे. विचारलं तर सांगता येत नाही. "हाताला कळतं," एवढंच म्हणाली.

पुस्तकात मनगटाच्या हालचाली अंशांत दिलेल्या आहेत, त्या खऱ्याच आहेत. पण पोळी का फिरते ते मला आज, या जागेवर बसून कळलं.

१५ जून, रविवार

काल नीटचा निकाल लागला. समोरच्या ब्लॉकमधल्या काकू धाकटीला घेऊन आल्या. एमबीबीएसला पुरतील एवढे गुण नाहीत. काकूंनी थेट विचारलं, "फिजिओ म्हणजे शेक आणि मालिशच ना गं?"

हा प्रश्न मला गेली चार वर्षं लग्नात, बारशाला, प्लॅटफॉर्मवर ऐकावा लागलाय. राग येतो, पण काकूंवर नाही. त्यांनी पाहिलं असेल तेच त्या बोलतात. आमच्या आजीला एका ठिकाणी नेलं होतं. गुडघ्याला मशीन लावलं, पडदा ओढला, पंधरा मिनिटांनी काढलं, पैसे घेतले. दहा दिवस हेच. तिला चालून दाखवायला कुणी सांगितलं नाही. कसं चालतंय हे न पाहता गुडघ्याचा उपचार होऊ शकतो असं ज्याला वाटतं, त्याने हा विषय शिकूनही शिकलेला नाही.

मी काकूंना सगळं नीट सांगायचं ठरवलं. फिजिओचा पाया किनेसिऑलॉजी, म्हणजे हालचालींचं शास्त्र: कोणता स्नायू केव्हा ओढतो, सांध्यावर भार किती येतो, माणूस का अडखळतो. आपल्याकडे या नावाची स्वतंत्र पदवी सहसा दिसत नाही, विषय दुसऱ्या अभ्यासक्रमांच्या पोटात असतो. बीपीटीएचमध्ये, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीत, तो पहिल्या वर्षापासून भेटतो. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा आमच्या बॅचचा अभ्यासक्रम चार वर्षं, वर सहा महिने इंटर्नशिप, मग राज्याच्या कौन्सिलकडे नोंदणी. नीटच्याच गुणांवर बीओटीएचला जाता येतं, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी. बीपीओ आहे, त्यात कृत्रिम हातपाय आणि आधाराचे पट्टे बनवायला शिकवतात. हाजीअलीच्या केंद्र सरकारच्या संस्थेत ते होतं. पुण्याला लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र तर १९४४पासून आहे. बायॉलॉजी नको झालं असेल तर कुठल्याही पदवीनंतर दोन वर्षांचं बीपीएड, त्यातही हा विषय येतो. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४चं, कांदिवलीची शारीरिक शिक्षणाची सरकारी संस्था १९३८ची. हालचालीचा अभ्यास महाराष्ट्रात नवा नाही. प्रशिक्षक व्हायचं असेल तर पतियाळाची क्रीडा संस्था आहे.

"आणि नोकरी?" काकू म्हणाल्या. आमच्या सीनियर्सचं सांगितलं. एक आयसीयूत आहे, व्हेंटिलेटरवरच्या माणसाची छाती मोकळी करते, त्याला पलंगाच्या कडेला बसवते. एक कबड्डीच्या संघाबरोबर फिरतो. एक ऐरोलीच्या कंपनीत टेबल-खुर्चीची उंची, मान, मनगट पाहते. एक डोंबिवलीतच स्कूटरवरून टिळकनगर ते गोग्रासवाडी घरोघर जाते आणि चौघांमध्ये तिचंच बरं चाललंय. हेही सांगितलं की सुरुवातीचा पगार कमी असतो, इतकी वर्षं शिकून तो आकडा ऐकला की घरचे गप्प होतात. म्हणून पुष्कळ जण परदेशात जातात. काकूंपासून हे लपवून उपयोग नव्हता.

काकू विचारात पडल्या. धाकटी इतका वेळ गप्प होती. ती खो-खो खेळते. जानेवारीत दिल्लीला पहिला विश्वचषक झाला, आपले दोन्ही संघ जिंकले, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. त्या दिवसापासून तिचं खेळात फार मन आहे. तिने विचारलं, "ताई, खांबाला वळताना माझा गुडघा आत का जातो?"

खाली पार्किंगमध्ये गेलो. एका पायावर उभं राहून हळूहळू बसायला सांगितलं. पाय स्थिर, पण गुडघा अंगठ्याच्या आत झुकला आणि दुसऱ्या बाजूची कंबर खाली गेली. दोष गुडघ्याचा नव्हताच. कुल्ल्याच्या बाजूचे स्नायू ओटीपोट धरून ठेवत नव्हते, म्हणून मांडी आत वळत होती. धावत येऊन खांबाशी दिशा बदलताना हेच होत राहिलं तर एक दिवस आतला लिगामेंट तुटतो, आणि मुलींमध्ये ते जास्त होतं. तिचा हात तिच्याच कुल्ल्यावर ठेवून स्नायू कुठे घट्ट व्हायला हवा ते दाखवलं. चौथ्या वेळी गुडघा सरळ राहिला. तिने मान वर करून आईकडे पाहिलं.

ती कुठे प्रवेश घेईल ते माहीत नाही. पण "का जातो" असं तिने विचारलं. आमच्या वर्गात पहिल्या वर्षी हे विचारणाऱ्या फार नव्हत्या.

१७ जून, मंगळवार

पाऊस. गाड्या वीस मिनिटं उशिरा. मावशी आल्या, ओढणी बांधून चार बोटं.

२० जून, शुक्रवार

आजीची काठी. उजवा गुडघा दुखतो आणि काठीही उजव्याच हातात. किती वेळा सांगितलं, डाव्या हातात धर. "दुखतं तिकडे आधार नको का?" तिचं म्हणणं वरवर बिनतोड आहे.

आज तिला हॉलमध्ये काठीशिवाय चार पावलं चालवलं आणि हातांकडे बघायला सांगितलं. उजवा पाय पुढे जातो तेव्हा डावा हात पुढे जातो, हे तिने शहात्तर वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. म्हटलं, मग काठी डाव्या हातात असली की ती आपोआपच दुखऱ्या पायाबरोबर टेकेल. भार दोघांत वाटला जाईल. उजव्या हातात धरलीस तर अंग सगळं दुखऱ्या बाजूलाच झुकतं. ती दोनदा जाऊन आली. "बरं वाटतंय गं," म्हणाली, जरा नाराजीनेच.

पण तिचं खरं दुःख काठीचं नाही, मांडीचं आहे. देवापुढे मांडी घालून बसता येत नाही. एका मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, आता जमिनीवर बसायचंच नाही, खुर्ची घ्या. चूक सांगितलं असं मी म्हणणार नाही. पण आमच्या पुस्तकांतले आकडेही खुर्चीवरचेच आहेत. चालायला गुडघा साठ अंश वाकला तरी पुरतो, जिना नव्वदच्या आसपास, खुर्चीतून उठायला थोडा अधिक. एकशेदहा-वीस झाले की पेशंट "फंक्शनल" झाला असं लिहितात. कोणतं फंक्शन? उकिडवं बसायला एकशेतीसच्या पुढे लागतात, मांडीला त्यात कंबरेचा बाहेरचा पीळही लागतो. पंगतीला, पूजेला, भाजी निवडायला, गावच्या संडासात, सगळीकडे हेच. ज्यांनी ते आकडे मांडले त्यांच्या घरी कुणी जमिनीवर बसत नव्हतं, त्यांनी ते का मोजावं? आपण मात्र मोजायला हवं होतं.

रात्री आजीचा गुडघा कोन मोजायच्या गोनिओमीटरने मोजला. एकशे अठरा. लिहून ठेवते.

२४ जून, मंगळवार

मामेबहिणीचा कॅनडाहून फोन. ती वॉटर्लूला शिकते, किनेसिऑलॉजीच. तिकडे तो विभाग १९६७पासून आहे. आँटॅरिओत तर २०१३पासून किनेसिऑलॉजिस्ट हा नोंदणीकृत व्यवसाय आहे, त्यांचं स्वतंत्र कॉलेज, म्हणजे आपल्या कौन्सिलसारखं. फिजिओथेरपिस्ट वेगळे, त्यासाठी पुढे मास्टर्स लागतं. ती म्हणाली, अर्ज कर, माझ्याकडे राहशील.

तिच्या लॅबमध्ये जमिनीत बसवलेल्या प्लेट्स आहेत. त्यावर पाऊल टाकलं की किती जोर, कोणत्या दिशेने, सगळं पडद्यावर. मला ते हवंसं वाटतं, खूप. तिला मावशींच्या लाटण्याचं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "त्या कशावर बसून लाटायच्या?"

मी गप्प. मी विचारलंच नव्हतं.

२५ जून, बुधवार

विचारलं. जमिनीवर. पाटावर, उजवा गुडघा उभा, डावा पाय दुमडून, समोर पोळपाट. केंद्रात सहाजणी ओळीने अशाच बसतात.

दोन आठवडे मी त्यांना खुर्ची-टेबलावर लाटायला लावतेय. टेबलावर खांदा एका कोनात असतो, जमिनीवर पूर्ण निराळ्या. आणि जमिनीपर्यंत जायचं कसं, उठायचं कसं, हा तर त्याआधीचा प्रश्न.

२८ जून, शनिवार

लायब्ररीत कमला निंबकरांबद्दल वाचत बसले. मूळच्या अमेरिकन, एलिझाबेथ लुंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून इकडे आल्या, कमला झाल्या. पुढे अमेरिकेत जाऊन ऑक्युपेशनल थेरपी शिकून आल्या आणि १९५०मध्ये परळच्या केईएममध्ये भारतातलं पहिलं विद्यालय काढलं. दोन वर्षांनी देशाची संघटना. फलटणची त्यांच्या नावाची शाळा ऐकून माहीत होती, बाई माहीत नव्हत्या. त्याच काळात फातिमा इस्माईल यांनी मुलीला पोलिओ झाला म्हणून मुंबईत पोलिओच्या मुलांसाठी काम उभं केलं. फिजिओथेरपीचं शिक्षणही केईएममध्येच पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला सुरू झालं. आम्ही रोज दादरला उतरतो, तिथून फार लांब नाही.

मनात राहिलं ते हे की या बायकांनी सुरुवात स्नायूपासून केली नाही, माणसाच्या कामापासून केली. या माणसाला उद्या काय करायचंय? मग त्यासाठी कोणता सांधा. आम्ही उलट शिकलो, आधी सांधा. दोन्ही लागतं. पण मी मावशींकडून पहिल्या दिवशी "पोळी" हे उत्तर मिळूनही पोळीपर्यंत गेले नाही.

२ जुलै, बुधवार

मॅडमची परवानगी काढून गादी जमिनीवर टाकली, घरून पाट नेला. बीओटीएचची इंटर्न मदतीला आली. अर्धा तास नुसतं खाली बसणं आणि उठणं. आधी डावा हात स्टुलावर, मग गुडघ्यांवर, मग एका बाजूला बैठक. उठताना उलट. दुसऱ्या वेळी मावशी मध्येच अडकल्या, घाबरल्या, माझं मनगट असं धरलं की वळ उठला. उजव्या हाताने धरलं होतं. दोघींच्याही ते नंतर लक्षात आलं.

मग डब्यातली कणीक काढली. मळणं आधी. उजवा तळवा कणकेवर, बोटं मी उघडून ठेवलेली, कोपर सरळ, वरून अंगाचा भार. दुमडलेल्या हाताला उघडायला एवढा सोपा उपाय शोधून सापडला नसता. दहा मिनिटांनी बोटं थोडी सैल पडली. मावशी कणीक दाबून म्हणाल्या, "पाणी कमी झालंय हिला."

६ जुलै, रविवार, आषाढी

आजीबरोबर विठ्ठलाच्या देवळात गेले. काठी डाव्या हातात. रांगेत तासभर. आजी एकदा आळंदीहून पायी वारीला गेली होती, अडीचशे किलोमीटर. ती आठवण दरवर्षी निघते, आजही निघाली.

समोर पोहोचले तेव्हा मी पायच पाहत राहिले. समचरण. दोन्ही पावलं सारखी, भार दोन्हीकडे सारखा, गुडघे न ताणलेले, रेघ बरोबर मधोमध. उभं कसं राहावं हे शिकवायला मी महिनाभर मावशींना "दोन्ही पायांवर वजन घ्या, उजवीकडे घ्या, आणखी घ्या" म्हणतेय आणि त्या डाव्यावरच उभ्या राहतात. त्यांना सगळ्यात आधीपासून माहीत असलेला शब्द मी वापरलाच नव्हता.

७ जुलै, सोमवार

"मावशी, विठोबासारख्या उभ्या राहा."

त्यांनी डोळे मिटले. उजवी टाच खाली टेकली. डावा हात आपणहून कंबरेवर गेला, मग उजवाही निघाला, अर्ध्यात थांबला. वजनाचे दोन काटे दोन पायांखाली ठेवले होते. गेल्या आठवड्यात दोन्हींत सतरा किलोंचा फरक होता. आज सहा.

८ जुलै, मंगळवार

बाबांनी विचारलं, कॅनडाचं काय ठरलं. त्यांनी माझ्या शिकण्यासाठी पैसे बाजूला ठेवलेत हे मला माहीत आहे, म्हणून उत्तर द्यायला जड गेलं. सांगितलं की या वर्षी अर्ज करणार नाही. नोंदणी झाली की दोन वर्षं इथेच, डोंबिवलीत, घरोघर जाऊन काम करणार. मला लोकांची घरं पाहायची आहेत, ओटे किती उंच आहेत, संडास कोणते आहेत, कोण कुठे बसतं. प्रत्येक घरात गुडघा आणि कंबर मोजून लिहून ठेवायची. मग एमपीटीएच किंवा वॉटर्लू, पण हातात ती वही घेऊन. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पावसात स्कूटर नको. रिक्षाने जा."

११ जुलै, शुक्रवार

मावशी पाटावर बसल्या, ओढणी न बांधता. मी मागे बसून पाठीला फक्त एक बोट लावून ठेवलं, धड पुढे गेलं तर कळावं म्हणून. गोळा, पीठ, लाटणं. पहिल्या तीन फेऱ्यांत बोटाला काही लागलं नाही. कोपर उघडत होतं, पूर्ण नाही. मोजलं तेव्हा तीस अंश कमी भरलं.

चौथ्या फेरीला पोळी फिरली. पाव फिरली असेल आणि थांबली. मावशींनी उरलेली डाव्या हाताने फिरवली, पुन्हा लाटणं ठेवलं. कडा जाड, आकार वेडावाकडा. इंटर्न मुलगी टाळ्या वाजवणार होती, मावशींनी तिला हातानेच थांबवलं. त्यांना अजून लाटायचं होतं.

पुढची तारीख मंगळवार, १५ जुलै. पाट माझा, पोळपाट त्या घरून आणणार आहेत. ओपीडीतला हलका आहे, सरकतो.